दीड दिवसात तुलूझ नको

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रवासाचा तक्ता मिळाला. पॅरिस चार दिवस, तुलूझ दीड दिवस, बार्सिलोना तीन दिवस. खाली तुझा प्रश्न: "बाई, जुन्या मंडळींना भेटायला दीड दिवस पुरेल ना?" वर्गात सगळे मला मॅडम म्हणत. तू एकटी बाई म्हणायचीस, इस्लामपूरच्या शाळेतली सवय पुण्यात येऊनही तुला सुटली नव्हती. त्याच हक्कानं सांगते, पुरणार नाही. आणि एखादा दिवस इकडचा तिकडे करूनही भागणार नाही, कारण तुझा तक्ता मुळातच उलटा मांडलेला आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ज्या गावात तू दोन वर्षं राहिलीस, जिथे तुझा न्यूमोनिया चार परक्या माणसांनी काढला, त्या गावाचं तू दोन मोठ्या शहरांमधलं जंक्शन करून टाकलंस.

रागावू नकोस. मीही नेमकं हेच केलं होतं आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून एवढं लांब पत्र लिहितेय.

१९८६-८७ मध्ये मी शिष्यवृत्तीवर वर्षभर तुलूझला होते, हे तुला माहीत आहे. नदीपलीकडे, सां-सिप्रिएंमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात माझी खोली होती. घर एका शाळाशिक्षिकेचं, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. भाडेकरू म्हणून गेले आणि दिवाळीपर्यंत मैत्रीण झाले. मेट्रो यायला अजून सहा-सात वर्षं होती. रोज पूल ओलांडून चालत जायचं, संध्याकाळी चालत परत यायचं, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती वह्या तपासायची आणि मी क्रियापदं घोकायची. माझं फ्रेंच त्या टेबलावर तयार झालं. तुला जे शिकवलं तेही तिथलंच.

मग परत आले, नोकरी, लग्न, मुलं. पत्रं होती, नंतर ईमेल होती. पुन्हा जायला सोळा वर्षं लागली. २००३ च्या मे महिन्यात नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना घेऊन गेले. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठ. आणि तक्ता अगदी तुझ्यासारखा: तुलूझ दीड दिवस. त्यातही, एवढ्या लांब आलोच आहोत तर मुलांना किल्ला दाखवू म्हणून सकाळी कार्कासोनला गेलो. नव्वदेक किलोमीटर. तटबंदी बघता बघता वेळ गेला, परतीची गाडी चुकली, आणि दुपारी एकला पोचायचं ते तीन वाजून गेले. ती आदल्या रात्रीपासून राबत होती. जेवण दोनदा ओव्हनमध्ये गेलं, दोनदा बाहेर आलं. दारात तिनं आम्हाला मिठीत घेतलं, एक शब्द बोलली नाही. मुलांना भूक नव्हती, कारण किल्ल्यावर त्यांना आम्ही सँडविच दिलं होतं. मी मात्र आनंदात होते. सोळा वर्षांचं साठलेलं फ्रेंच घळाघळा वाहत होतं. नवरा दोन तास हसऱ्या चेहऱ्यानं गप्प बसून राहिला.

आणि मग फळं आली तेव्हा तिनं बोलायला सुरुवात केली. २१ सप्टेंबर २००१ बद्दल.

तू तिथे गेलीस तोवर त्याला अकरा वर्षं झाली होती. कुणी तुला सांगितलं होतं का, ठाऊक नाही. शुक्रवार होता, सकाळचे सव्वादहा. शहराच्या दक्षिणेला खताच्या कारखान्यात अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला. ३१ माणसं गेली, हजारो जखमी झाली, मैलोन्‌मैल घरांच्या काचा फुटल्या. न्यूयॉर्कच्या घटनेला दहाच दिवस झाले होते, त्यामुळे पहिला तास-दोन तास लोकांना वाटलं की आता आपल्यावर हल्ला झालाय. ती वर्गात होती. सहा-सात वर्षांची मुलं, खिडक्यांच्या काचा आत आलेल्या. इथे पुण्यात आम्ही सगळे टीव्हीवर अमेरिकाच बघत होतो. मला कळलं ते महिन्याभरानं, तिच्या पत्रातून. मी उत्तर लिहिलं, दोन ओळींचं, "तू सुखरूप आहेस हे वाचून बरं वाटलं." एवढंच.

दोन वर्षं ती मला हे तोंडी सांगायची वाट बघत होती, असं आता वाटतं. तिनं सुरुवात केली आणि मी घड्याळ बघितलं. आमची गाडी सहाची होती. तिनं ते पाहिलं, आणि अर्ध्या वाक्यावरून ती उठली, मुलांसाठी चॉकलेटं आणायला आत गेली.

पोरी, माझं म्हणणं सगळं या एका घड्याळात आहे. तू गेलीस तेव्हाची माणसं तू ओळखतेस. मधल्या बारा वर्षांत त्यांचं काय झालं ते तुला माहीत नाही, आणि ते फोटोंवर येत नाही. ते ऐकायला जायचं असतं. असं बोलणं पहिल्या दिवशी निघत नाही. पहिल्या दिवशी हवा-पाणी, मुलाची शाळा, "तू बिलकुल बदलली नाहीस". दुसऱ्या दिवशी जुने किस्से. तिसऱ्या दिवशी, भांडी विसळताना किंवा बसथांब्यावर, माणूस खरं बोलतं. म्हणून किमान चार रात्री. बार्सिलोना गाळ. आपल्या मुलाला ते पुढे कधीही बघता येईल, तो सात वर्षांचा आहे.

आता तारखा. तू मे म्हणतेस, कारण शाळेला सुट्टी. पण मे महिन्यात फ्रेंच माणूस घरी सापडेलच असं नाही. एक मे, आठ मे, मग असॉन्सियोंचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा, गुरुवार. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारही घेऊन टाकतात, त्याला ती मंडळी 'पूल' म्हणतात, आणि त्या पुलावरून अख्खं शहर समुद्राकडे किंवा पिरेनीजकडे निघून जातं. तिकीट काढण्याआधी चौघांना विचार. आपल्याकडे आपण तारीख ठरवतो आणि मग "येतोय हं" म्हणून कळवतो. सुनेला नाही तर सासूला, कुणाला तरी रजा असतेच. तिकडे दोघंही नोकरी करतात आणि दारावरची बेल अचानक वाजत नाही. दोन महिने आधी विचारलंस तर ते तुझ्यासाठी रजा काढतील. दोन आठवडे आधी विचारलंस तर एका संध्याकाळी बाहेर कुठेतरी जेवायला भेटतील, आणि दोष त्यांचा नसेल.

पहिल्या संध्याकाळचं जेवणाचं आमंत्रण घेऊ नकोस, कितीही आग्रह झाला तरी. त्यांचं जेवण साडेआठला सुरू होतं. उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे तुझ्या मुलाचे आणि सासूबाईंचे तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतील. आधी आपेरो, शेंगदाणे-ऑलिव्ह आणि गप्पा, मग पहिला पदार्थ, मग मुख्य, मग चीज, मग गोड. पोरगं खुर्चीतच झोपेल आणि तू अर्ध्या जीवानं बसशील. त्यापेक्षा रविवारचं दुपारचं जेवण माग. हो, माग. "रविवारी दुपारी येऊ का?" म्हटलेलं त्यांना आवडतं. ते जेवण साडेबाराला सुरू होऊन चार-पाचपर्यंत चालतं, मध्ये मुलं उठून खेळतात, म्हातारी माणसं डुलकी काढतात, कुणाला काही वाटत नाही. साधारण दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोच. वेळेआधी मुळीच नको. आणि तुमच्यापैकी तिघं शाकाहारी आहेत हे पंधरा दिवस आधी लिहून कळव. जेवायला बसल्यावर नको. तिथला मानाचा पदार्थ कासुले, पांढऱ्या घेवड्याचा, त्यात डुक्कर आणि बदक दोन्ही असतं, आणि तो करायला दोन दिवस लागतात.

राहण्याचं. तुझी जुनी घरमैत्रीण "माझ्याकडेच राहा" म्हणाली, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण तुम्ही चौघं आहात आणि तिचं घर दोन खोल्यांचं. शिवाय व्हिसासाठी तिच्या घरी राहतोय असं लिहायचं तर तिला महापालिकेच्या कचेरीत जाऊन 'आतेस्तासियों दाकय', म्हणजे पाहुण्यांना घरी ठेवतेय असा दाखला, काढावी लागेल, घराचे कागद दाखवून, ३० युरोचं तिकीट लावून, आणि मग मूळ कागद इकडे पाठवून. ती हे करील, मैत्रीखातर करील, पण तिला ते आधी माहीत असू दे. आयत्या वेळी "अगं एक फॉर्म आहे" असं करू नकोस. माझा सल्ला: तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर छोटं स्वयंपाकघर असलेली जागा भाड्यानं घ्या. सकाळचा चहा सासूबाईंना आपल्या पद्धतीचा मिळेल, मुलाला वरण-भात मिळेल, आणि मैत्रिणीकडे तू ताजीतवानी जाशील. आग्रह झालाच तर एखादी रात्र मुलाला तिच्याकडे झोपू दे, तिच्या मुलीबरोबर. त्यातून जे जमेल ते हॉटेलातून जमणार नाही.

न्यायचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. पेढे नकोत, तूप नको, श्रीखंड नको: युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीही नेता येत नाही. हापूसही नाही, ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. मे महिना म्हणून पेटी उचलशील आणि विमानतळावर ती कचऱ्यात जाताना बघशील. चिक्की ने, कोरडे मसाले ने, चहा ने. फुलं तिथेच घे, पण शेवंतीची नकोत. ती तिकडे कबरीवर वाहतात.

आणि एक वस्तू मी सुचवते: निळीत रंगवलेलं सुती कापड. चादर, ओढणी, काहीही. का, ते सांगते. तू जिच्या समोरून रोज गेली असशील ती ओतेल दासेझा, ती विटा-दगडांची देखणी हवेली, १५५५ मध्ये बांधायला घेतली ती पिएर असेझा या व्यापाऱ्यानं. त्याचा पैसा निळ्या रंगाचा होता. पास्तेल नावाच्या झुडपाची पानं कुटून, गोळे करून, कुजवून, त्यातून निळा रंग काढायचे. तुलूझच्या आसपासच्या शेतांत ते पिकायचं आणि अर्ध्या युरोपाचं कापड त्यानं रंगायचं. गोळ्यांना 'कोक' म्हणत, आणि त्या मुलखाला 'पेई द कोकान्य', सुबत्तेचा देश. मग आपल्याकडची नीळ समुद्रमार्गानं यायला लागली. त्याच रंगाची, पण कितीतरी जास्त दाट. तिकडे १५६० नंतर धर्मयुद्धं पेटली, बाजार कोसळला, आणि उरलासुरला धंदा निळीनं खाल्ला. असेझाच्या हवेलीचं सगळं काम पुरं झालंच नाही. अंगणात उभी राहिलीस तर एक बाजू नुसतीच भिंत आहे, ते दिसेल.

हे मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, २०१२ मध्ये, मी निळीची चादर नेली तेव्हा. तिनं चादर उलगडली, बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "आम्हाला बुडवणारा रंग हाच." आणि दुसऱ्या दिवशी मला त्या अंगणात घेऊन गेली. वर्षभर त्या शहरात राहून मी तिथे एकदाही आत गेले नव्हते. म्हणून म्हणते, शहर त्यांच्याकडून बघ. तुला सगळं ठाऊक आहे असं समजून तू मंडळींना पुढे घेऊन निघशील, "चला, मी दाखवते". दाखवू नकोस. त्यांना म्हण, "माझ्या सासूबाईंना तुमचं गाव तुम्ही दाखवा." माणूस आपलं गाव पाहुण्याला दाखवताना स्वतःबद्दल किती सांगून जातं!

सासूबाई विचारतीलच, सगळं गाव विटांचं कसं? तर गारोन नदीच्या खोऱ्यात जवळ चांगला दगड नाही आणि माती मुबलक आहे. आपल्याकडे वाडे काळ्या दगडाचे, कारण तो पायाखालीच आहे, तसंच. मुलाला कापितोलच्या, म्हणजे महापालिकेच्या इमारतीसमोरच्या, चौकात सोड. जमिनीत त्या प्रांताचा ओक्सितान क्रूस बसवलाय, त्याच्या बारा टोकांवर बारा राशी आहेत. त्याला त्याची रास शोधू दे, तेवढ्यात तुमची कॉफी होईल. स्टेशनसमोर कनाल द्यु मिदी या कालव्यावर लॉक आहे, तिथे होडी वर-खाली होताना बघत तो तास काढील. त्याला रिकेची गोष्ट सांग: मिठाचा कर गोळा करणारा माणूस, कालव्यापायी सगळं घालवून बसला, २४० किलोमीटर खणत आणलं, आणि १६८० मध्ये गेला, पाणी सुटलं पुढच्या वर्षी. विमानांच्या संग्रहालयात दोन कॉन्कॉर्ड आहेत, ती तू दाखवशीलच, तुझा तो प्रांत. बाकी स्थळांची यादी करू नकोस. एका दिवशी एक ठिकाण, तेही जमलं तर.

आता सगळ्यांत अवघड भाग: भाषा. तुला वाटतंय की तू मध्ये आहेस म्हणजे काही अडणार नाही. अडेल. टेबलावर आठ माणसं असतील, तू दोन्हीकडचं भाषांतर करत असशील, आणि तासाभरात तुझं जेवण गार आणि डोकं गरम होईल. मग तू नकळत फ्रेंचमध्ये शिरशील, कारण ते सोपं असतं, आणि तुझा नवरा माझ्या नवऱ्यासारखा हसऱ्या चेहऱ्यानं भिंतीकडे बघत बसेल. २००३ नंतर परतीच्या विमानात मी त्याला विचारलं, कंटाळलास का? तो म्हणाला, "नाही, पण तू तिथे कोण होतीस ते मला कळलंच नाही." मी त्याला तेच दाखवायला नेलं होतं ना!

तर नवऱ्याला आधीच चौघांबद्दल सांग. नावं, कोण काय करतं, न्यूमोनियात कोणी सूप आणलं, कुणाशी भांडण झालं होतं आणि ते कसं मिटलं. मित्रांना आधीच लिही की नवऱ्याला फ्रेंच येत नाही, थोडं इंग्रजी बोला. लाजतात, पण बोलतात. शक्य असेल तर त्याला एखाद्याबरोबर एकटा सोड. बाजारात, क्रिकेटऐवजी रग्बी बघायला, कुठेही. तू नसलीस की ते दोघं आपापला मार्ग काढतात. मुलाला दहा शब्द शिकव, आणि पहिला 'बोंजूर'. दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये शिरताना बोंजूर म्हटलं नाही तर ते उद्धटपणा समजतात. आणि चॉकलेट भरलेल्या पावाला तिथे शोकोलातीन म्हणायचं. पॅरिसचा शब्द त्यानं उच्चारला की बेकरीवाली बाई त्याला प्रेमानं दुरुस्त करील, ते त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

सासूबाईंना एक गोष्ट आधी सांग, दारात नको: गालाला गाल लावून दोनदा 'बीज' करतात, पुरुषसुद्धा. त्यांना ते नको असेल तर हात जोडून नमस्कार केला की पुरे, तिकडच्यांना तो ओळखीचा आहे, कुणी वाईट मानत नाही. मात्र तू स्वतः पुढे होऊन दोघींमधलं ते पहिलं मिनिट सांभाळ. आणि तुझी मैत्रीण तिच्या आईला घेऊन आली तर तिच्या आईला 'व्हू', म्हणजे 'तुम्ही'च म्हण. 'तू' आणि 'तुम्ही' मी तुला शिकवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "हे तर आपल्यासारखंच आहे." जवळजवळ. आपण आईला 'तू' आणि सासूला 'तुम्ही' म्हणतो. तिकडे पुष्कळ घरांत सासूलाही 'तू' चालतं. पण ते तिनं सांगितल्यावर.

दोन म्हाताऱ्या माणसांना भाषेवाचून काय जमतं, ते मी २०१२ मध्ये बघितलं. त्या वेळी आईला बरोबर नेलं होतं. आई पेणची, शुद्ध शाकाहारी. मैत्रिणीची आई कास्तेलनोदारीची, ऐंशी ओलांडलेली. कासुलेचं मूळ गाव आपलंच, तुलूझचंही नाही आणि कार्कासोनचंही नाही, असं ती बाई शपथेवर सांगायची. आम्ही पोचलो तेव्हा पांढरा घेवडा रात्रभर भिजून टम्म फुगलेला, मोठ्या पातेल्यात. आईनं तो बघितला, पदर खोचला, खुर्ची ओढली आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायला लागली. वालाचं बिरडं आयुष्यभर केलेली बाई. भिजलेलं कडधान्य दिसलं की बोटं चालणारच. मी म्हणणार होते, "आई, हे सोलत नाहीत गं." त्या आजीनं मला हातानंच गप्प केलं. ती बघत राहिली. मग तिनं अर्धा घेवडा वेगळ्या वाडग्यात काढला, आईपुढे सरकवला, आणि स्वतः समोर बसून सोलायला लागली. दोघी तासभर. सोललेल्या घेवड्याचं तिनं लसूण, टोमॅटो आणि थाइमच्या काड्या घालून वेगळं भांडं शिजवलं, आईसाठी. आईनं त्यावर तिच्या पिशवीतला गोडा मसाला चिमूटभर टाकला. ते भांडं आम्ही सगळ्यांनी मिळून संपवलं, मांसवालं मागे राहिलं.

हे तक्त्यात बसवता आलं नसतं. त्या दिवशी आमचं काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून झालं. त्याच खेपेला, चौथ्या दिवशी, नदीकाठच्या हिरवळीवर चालताना मी तिला म्हटलं, "त्या शुक्रवारचं तू मला अर्धंच सांगितलंस." ती थांबली. मग पाऊण तास बोलली. काय बोलली ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. ओताँ वारा सुटला होता, तिकडे म्हणतात की तो वाहायला लागला की माणसांची डोकी फिरतात. आम्ही दोघी केस धरून चालत होतो आणि मी घड्याळ लावलेलंच नव्हतं.

तुझ्या चौघांपैकी दोघांचं लग्न मोडलंय, असं तू ओझरतं लिहिलंस. मग दोघांना वेगवेगळं भेट, दोघांना सारखा वेळ दे, आणि एकाकडे दुसऱ्याचा निरोप नेऊ नकोस. जुन्या दिवसांचे फोटो नेणार असशील तर त्यात ते दोघं जोडीनं असलेले आधी बाजूला काढ. मुलाला आधी सांग, नाहीतर तो जेवताना विचारील. आणि तू स्वतः काही विचारू नकोस. त्यांना सांगायचं असलं तर चार रात्री आहेतच. ज्याच्याशी तुझं शेवटी बिनसलं होतं त्यालाही कळव की तू येतेयस. तो आला नाही तरी चालेल. नंतर दुसऱ्याकडून कळलं, तर मात्र चालणार नाही.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं आणि व्हिक्टर ह्यूगो मार्केट बंद असतं, हे विसरली असशील म्हणून आठवण. बाकी दिवशी दुपारी त्याच्या वरच्या मजल्यावर जेवायला जा, पण रांग असते. विम्याचा कागद ३०,००० युरोचा हवा, तो बघून घे. तक्ता दुरुस्त करून पुन्हा पाठव.

आणि माझं एक काम. तिला मी २०१९ नंतर भेटलेले नाही. ती अजून तिथेच आहे, सां-सिप्रिएंला, त्याच तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, गुडघे गेलेत, त्यामुळे ती हल्ली फारशी खाली उतरत नाही. तुझ्याबरोबर मी गोड्या मसाल्याची एक बाटली आणि एक निळी ओढणी देणार आहे. एक सकाळ तिच्यासाठी ठेव. मुलाला घेऊन जा, तिनं पस्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलंय, तो तिच्याशी बोलेल, भाषा येवो न येवो. आदल्या दिवशी फोन कर. खालून बटण दाबलंस की दरवाजा लगेच उघडेल, पण वर घराचं दार उघडायला तिला वेळ लागतो. बेल एकदाच वाजव आणि थांब. ती येतच असते.

तुझी,
बाई